मल्लप्पामामा मध्ये बोलला नाही

“एक शब्द बोलायचा न्हाय.”

“बोलणार न्हाय.”

“अबबसुद्धा न्हाय.”

“आता हे जास्त झालं, नागव्वा. अबब हा शब्दच न्हाय.”

“मग काय हाय?”

“घटना हाय.”

नागव्वामामी परातीत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तेवढ्यात मल्लप्पामामाने स्टूल पुढे ओढलं, म्हणजे आता तो समजावून सांगणार.

“हे बघ. तव्यावरची भाकरी. वर शेंगाचटणी. पहिला घास टाकला, जीभ पोळली. आता तोंड मिटून चालत न्हाय आणि उघडूनबी भागत न्हाय. ओठ आपोआप उघडमीट करत्यात. अ... ब... ब. ह्यात माणूस कुटं बोलला? चटणी बोलली. हे सोलापुरातच होऊ शकतं. पुण्याच्या चटणीला फार तर ‘अ’पतुर जमंल.”

“आणि अरेच्चा?”

“डोक्यात बल्ब लागल्याचा आवाज.”

“आणि ते तुमचं अगागागा?”

“तो घाट चढणारा ट्रक हाय. गिअर बदलत जातो बघ. अ, गा, गा, गा. घाट सरला की थांबतो.”

“तुमचा घाट सरत न्हाय कधी!” मामीने भाकरी अशी आपटली की पिठाचा धुरळा मामाच्या चष्म्यावर बसला. “अहो, आज पोरीची बैठक हाय. बार्शीची माणसं येणार. शब्द न्हाय, आवाज न्हाय, उसासा न्हाय. शिंक न्हाय.”

“शिंक आली तर?”

“गिळा.”

मामीशी मामा दिवसभर भांडला असता. त्याची त्याला गोडीच होती. पण आतून शिवलीला आली, केस पुसत, आणि एवढंच म्हणाली, “अप्पा, आजचा एक दिवस. प्लीज.”

मामाने चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. मग उठून फळीवरची चटणीची बरणी खाली घेतली आणि तिच्यावर उजवा हात ठेवला.

“बैठक उठेपतुर माझ्या तोंडातनं आवाज निघाला, तर जन्मात ह्या बरणीला हात लावणार न्हाय.”

आमच्या घरात याच्यापुढची शपथ नाही.

मल्लप्पामामा हा माझ्या आईचा थोरला भाऊ. सोलापूरच्या बाळीवेशीत त्याचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक दगडी उंबरा, जो बांधणाऱ्याने बहुतेक रागाच्या भरात बांधला असावा. एवढा उंच. मामा त्याच्यावर रोज ठेचकाळतो. आणि ठेचकाळला की आख्ख्या गल्लीला कळतं, कारण तो आधी कानडीतून ओरडतो, “अव्वाऽऽ!”, मग मराठीतून, “बापरे बाप!”, मग समोरच्या विणकरांच्या तेलुगूतून, “अम्मो!”, आणि पाय चोळत शेवटी शेजारच्या अल्ताफभाईंच्या वाटणीचं, “या अल्ला!” अल्ताफभाई आपल्या दुकानातून ओरडतात, “अंगठा का, मल्लप्पा?” “व्हय!”

या ओरडण्याचाही त्याचा सिद्धांत आहे. तो म्हणतो, माणसाला लागलं, भ्यायला, दचकला, की तो काही बोलत नाही, तो कुणाला तरी हाक मारतो. अव्वा म्हणजे आई. बापरे म्हणजे बाप. अय्यो म्हणजे कानडीतला अय्या, कुणीतरी मोठा माणूस. “अगं बाई म्हणणारी बाईसुद्धा दुसऱ्या बाईला बोलावत असती,” मामा सांगतो. “एकट्यानं दचकायची सोय देवानं ठेवलेलीच न्हाय.”

हे ऐकून कुणी गहिवरायच्या आत तो पुढचा सिद्धांत काढतो, की ‘इश्श’ हा शब्द तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यामुळे निघाला आणि लाजणाऱ्या बायकांनी तो नंतर उचलला. त्यामुळे त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळत नाही.

पण मामाचं नाव झालं ते मिक्सरमुळे नाही आणि सिद्धांतांमुळेही नाही. त्याचं नाव झालं मध्ये बोलण्यामुळे.

होटगीपासून बार्शीपर्यंत आमच्या नात्यागोत्यात कुठेही लग्नाची बैठक असली, की लोक मल्लप्पाला घेऊन जायला गाडी पाठवतात. तो मुलाकडचा नसतो, मुलीकडचा नसतो. तो फक्त मधला असतो. दोन व्याही समोरासमोर बसतात, पाहुणे किती, कार्यालय कुठलं, वरातीला काय, असं बोलता बोलता कुणाचा तरी आवाज चढतो, मिशी थरथरायला लागते, आणि आता एखादं वाक्य असं येणार की पुन्हा तोंड बघायचं नाही. बरोबर त्या क्षणी मामा म्हणतो, “अरेच्चा!”

आणि मग काहीतरी खरं बोलतो. ही त्याची अट आहे. “अरेच्चा! पाहुणे, तुमची बशी गळती.” “अय्यो! पालीला शेपूटच न्हाय की हो!” सगळे खरोखर पालीकडे बघतात. मामाच्या मते मान वर केली की राग घशातून खाली उतरतो, आणि तो परत वर यायला पाच मिनिटं घेतो. तेवढ्यात चहा येतो.

“खोटं अरेच्चा बोलायचं न्हाय,” तो म्हणतो. “लोकांनी वर बघितलं आणि पाल नसली, तर तेच भांडण आपल्यावर उलटतं.”

मध्ये बोलणं हीच माणसाची पहिली भाषा, असंही त्याचं म्हणणं. “पयला माणूस पयल्यांदा काय बोलला असंल? ‘माझ्या मते’ म्हणाला असंल? समोरचा विंचवावर पाय देत हुता! हा ओरडला, ‘ए!’ झाली भाषा. बाकीचं सगळं नंतर वेळ घालवायला काढलंय.”

एकदाच तो हरला. लॉकडाऊनमध्ये एक बैठक मोबाइलवर झाली. भांडण पेटलं, मामा वीस मिनिटं “अय्यो, अय्यो” करत पडद्यापुढे हात नाचवत होता, आणि त्याचा आवाज बंद होता. ती सोयरीक मोडली. आजही त्याला विचारलं तर म्हणतो, “माझ्यामुळं न्हाय. बटणामुळं.”

आता हा माणूस स्वतःच्याच मुलीच्या बैठकीत गप्प का बसवायचा? तर त्यालाही कारण होतं. महिन्यापूर्वी बार्शीकर शिवलीलेला बघायला आले तेव्हा मुलाची आजी, केराबाई, आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगत होती. सगळे माना खाली घालून ऐकत होते. आजीचा आवाज कापायला लागला, “डॉक्टर भायेर आलं, आन् मला म्हणालं...” आणि मामा ओरडला, “अगागागा! हा लाडू कुणी केला?”

मामीला त्या दिवसापासून नीट झोप लागलेली नाही. आजी तेव्हा नुसती मामाकडे बघत राहिली होती.

आणि शिवलीलेला ते स्थळ हवं होतं. विरेश तिच्याच बँकेच्या बार्शी शाखेत होता, प्रशिक्षणात ओळख झाली होती, आणि बघण्याचा कार्यक्रम ही दोघांनी मिळून घडवून आणलेली गोष्ट होती, हे मला ठाऊक होतं, मामीला संशय होता आणि मामाला कुणी सांगितलं नव्हतं. बैठक मोडली तर मोडली म्हणून हसून सोडता येईल, असं ते नव्हतं. सकाळपासून तिने तीन ओढण्या बदलल्या होत्या.

अकराला बार्शीची गाडी आली. केराबाई आजी, विरेश, आणि विरेशचे काका गुरुशांत, ज्यांच्याकडे सगळी बोलणी होती. आमच्या बाजूने बोलायला मामाचा धाकटा भाऊ, बसूमामा. चटईवर गादी, गादीवर पांढरी चादर. उकाडा होता म्हणून काकांनी आणि बसूमामाने टोप्या काढून शेजारी ठेवल्या. मल्लप्पामामा भिंतीला टेकून बसला, ओठ असे मिटलेले की मिशी दोन्ही बाजूंनी खाली आली होती.

“मल्लप्पा, बरं हाय न्हवं?” गुरुशांतकाकांनी विचारलं.

मामाने मान हलवली.

“घसा बसलाय,” मामी दारातून म्हणाली.

पहिला अर्धा तास नीट गेला. तारीख ठरली. कार्यालय ठरलं. मग जेवण निघालं.

“गोडात फ्रूट सॅलड ठेवू,” गुरुशांतकाका म्हणाले. “हुग्गी आता कुणी खात न्हाय.”

बसूमामा ताठ झाला. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, आणि बसूमामाच्या आयुष्यातल्या मोजक्या भक्तींपैकी एक.

“हुग्गीशिवाय लगीन?” तो म्हणाला. “मग अक्षता तरी कशाला? कुरमुरे टाकू की.”

“आमी काय हुग्गी बघितली न्हाय व्हय?” काका म्हणाले, आणि हळूच मल्लप्पामामाकडे बघून थांबले.

मामा छताकडे बघत होता.

“बघितली असंल,” बसूमामा म्हणाला, “पण...” तोही थांबला. त्यानेही भावाकडे बघितलं.

काही नाही.

इथे माझ्या लक्षात यायला लागलं की काय होतंय. हे दोघं भांडत नव्हते. हे दोघं भांडण मांडत होते, मल्लप्पा आहे या हिशोबाने. सर्कशीत खाली जाळी आहे म्हणून माणूस झोका सोडतो, तसं. फक्त आज जाळीने चटणीच्या बरणीवर हात ठेवलेला होता.

“पण काय?” काका म्हणाले. आता थांबून चालणार नव्हतं.

“पण तुमच्याकडची. पातळ.”

“पातळ?”

“तुमच्या थोरल्या भावाच्या लग्नात मी स्वतः हुतो. लोक पेल्यानं पीत हुते.”

“आमच्या हुग्गीत चमचा उभा राहायचा!”

“तळाला टेकला म्हणून राहायचा!”

मी दारात उभी होते. हसू आवरेना, आणि त्याच वेळी भीतीही वाटायला लागली. कारण प्रत्येक वाक्यानंतर दोघं जागा सोडत होते. अर्धं वाक्य बोलायचे आणि वाट बघायचे, पाहुण्यासाठी दार उघडं ठेवावं तशी. माणूस काही वाक्यं पुरी करायची म्हणून सुरूच करत नाही. कुणीतरी तोडेल या भरवशावर सुरू करतो. आणि आज कुणी तोडत नव्हतं, त्यामुळे बिचाऱ्यांना ती पुरी करावी लागत होती.

“ज्या घरात हुग्गीवरनं पाहुण्याचा अपमान होतो,” काका म्हणाले, आणि थांबले. खूप थांबले. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची घडी घातली. मामाकडे विनवणी केल्यासारखं बघितलं. “त्या घरात...”

मामाच्या नाकावर एक माशी बसली होती. त्याने ती उडवली.

“त्या घरात... आमाला सोयरीक करायची न्हाय!” काका म्हणाले, आणि वाक्य संपल्यावर त्यांनाच धक्का बसला.

“मग नका करू!” बसूमामा ओरडला, आणि त्याचा चेहरा पडला.

मामी दारातून डोळे मोठे करून मामाला खुणावत होती. बोला. हाताने खुणावलं. बोला! शेवटी कुजबुजली, पण अशी की चौकात ऐकू जावं, “शपथ सोडली! सोडली म्हणते!”

मामा पंखा बघत होता.

तेव्हा केराबाई आजी बोलली. शांत, गुडघ्यावर हात ठेवून.

“गुरुशांत, चल. ह्यांचं मन न्हाय.”

“कुणाचं?”

“मल्लप्पाचं. साऱ्या जिल्ह्याच्या बैठका ह्यानं मध्ये बोलून जुळवल्या. मागच्या टायमाला माजंबी बोलणं तोडलं ह्यानं. तवाच मी विरेशला म्हणलं, हे घर धर. नवऱ्याच्या मरणाची गोष्ट शेवटपतुर सांगायची मला तरी कुटं हौस हाय? हजारदा सांगितली, कुणी तोडलीच न्हाय. ह्यानं तोडली आन् लाडू दिला. तो माणूस आज लेकीच्या बैठकीत गप्प बसलाय. ह्येचा अर्थ काय?”

अर्थ सगळ्यांना कळला. विरेश पांढरा पडला. गुरुशांतकाका उठले. टोपी उचलून डोक्यावर दाबली. बसूमामाही रागाने उठला, त्यानेही दाबली. मामी तोंडावर पदर धरून “अव्वा, अव्वा” करायला लागली. काका दाराकडे वळले.

“ए!”

हे आतून आलं. मी वळले. शिवलीला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिसरी ओढणी खांद्यावरून घसरलेली.

सासरकडच्या माणसाला, बैठकीत, नवरी मुलगी ‘ए’ म्हणाली होती. गुरुशांतकाकांनी घाबरून एक पाय उचलला. खरंच उचलला, विंचू असल्यासारखा.

“थांबा. थांबा, थांबा, थांबा,” शिवलीला म्हणाली. चाल सगळी बापाची होती. तिने एक श्वास घेतला. “अरेच्चा! काका, ती टोपी बसूकाकांची आहे.”

सगळ्यांनी माना वर केल्या.

खरंच होतं. बसूमामाचं डोकं हे आमच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं डोकं. त्याची टोपी गुरुशांतकाकांच्या कानांवरून खाली येऊन भुवयांवर टेकली होती. आणि काकांची टोपी बसूमामाच्या टाळूवर, बरणीला बसत नसलेलं झाकण ठेवावं तशी ठेवलेली होती.

आधी विरेश हसला. मग मी. मग काका टोपीखालून म्हणाले, “तरीच मगापासून अंधारतंय,” आणि मग कुणीच थांबेना. बसूमामा तर भिंतीला धरून खाली बसला.

दोघं टोप्या काढून एकमेकांना द्यायला पुढे झाले. तेवढ्यात केराबाई आजीने हात वर केला.

“थांबा! द्या. नीट द्या, एकमेकाच्या डोक्यावर घाला. हां. आता गळ्यात पडा. झाली व्याह्यांची भेट. बैठक उठली.”

“आन् हुग्गी?” बसूमामा काकांच्या खांद्याआडून म्हणाला.

“दोनी ठेवा. आन् मी सोता चमचा उभा करून बघणार.” मग आजी शिवलीलेकडे वळली, तिच्या हातातला ट्रे घेतला आणि तिची हनुवटी धरली. “बापाचीच हाय ही.”

मल्लप्पामामाने आजीच्या पायांना हात लावला, सगळ्यांना गाडीपर्यंत सोडलं, हात हलवला. तोंड उघडलं नाही. गाडी बार्शीच्या रस्त्याला लागली तसा बसूमामा हुग्गीच्या गव्हाचं बघायला म्हणून निघून गेला, लग्नाला अजून दोन महिने असताना.

मामी खोलीत आली. मामा भिंतीशी आपल्या जागेवर परत बसला होता. शिवलीला कप गोळा करत होती.

“उठली बैठक,” मामी म्हणाली. “आता बोला.”

“काय बोलू?” मामाचा आवाज खरोखरच बसलेला निघाला.

“मी डोळ्यांनी सांगितलं. हातानं सांगितलं. शपथ सोडली असं तोंडानं सांगितलं. तुमी पंखा बघत हुता.”

“शपथ म्हंजे शपथ, नागव्वा.”

“व्हय? तंबाखूची शपथ झाली. दुपारच्या झोपंची झाली. बसूला गाडी चालवायला देणार न्हाय, ही तर माझ्या आईसमोर झाली. कुटली पाळली?”

मामाने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“बोललात तर चटणी सुटंल म्हणून भ्यालात?”

“छ्या.”

“मग? टोपीसुद्धा दिसली असंल तुमाला. साऱ्या गावाच्या पाली दिसत्यात, आणि समोरची टोपी दिसली न्हाय?”

मामा चष्मा पुसतच होता. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

मामीचा आवाज एकदम खाली आला. “अहो. खरं सांगा. मोडावं असं वाटत हुतं का?”

शिवलीलेच्या हातातले कप वाजायचे थांबले. ती वळली नाही. पाठमोरीच उभी राहिली, एक कप बशीच्या वर धरलेला.

मी वाट बघत होते. आता येईल. अरेच्चा, किंवा अय्यो, किंवा पाल. खोलीत खरं बोलण्यासारखं पुष्कळ होतं. चादरीवर चहा सांडला होता. केराबाई आजी पानाची पिशवी विसरून गेली होती. पंखासुद्धा किरकिरत होता.

मामाने चष्मा घातला. उठला. जाता जाता शिवलीलेच्या डोक्यावर हात ठेवला, मिक्सरच्या झाकणावर ठेवतो तसा, जरासा दाबून. आणि दुकानाकडे निघाला.

उंबऱ्याला त्याचा अंगठा असा ठेचला की आवाज आम्हा तिघींना ऐकू आला. आम्ही तिघी श्वास धरून उभ्या राहिलो. पलीकडून अल्ताफभाईंचा आवाज आला, “अंगठा का, मल्लप्पा?”

मामा क्षणभर चौकटीला धरून थांबला. मग कुणालाच हाक न मारता पाय उचलून पलीकडे गेला.